उलट्या पिळाची चुंबळ

आधीच सगळ्यांची माफी मागतो. इथे लिहिणारे अनुभवी लोक आहेत, आणि मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच... इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. बाबा मार्केट यार्डात हमाल आहेत. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आबा, तेही हमालच. माझ्या जन्माआधी गेले. तरुणपणी ते नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी जेझुइट फादरांच्या मिशनमध्ये पाणी भरायचे. "एका गोऱ्या फादरला मी शिकवलंय," असं ते यार्डात सांगत. काय शिकवलं, ते सांगायच्या आधीच लोक हसायचे. "किसनराव, मग मास्तरकीची पेन्शन कधी चालू होतीय?" एकदा सगळ्यांबरोबर दहा वर्षांचे बाबाही हसले. त्यानंतर आबांनी तो विषय कधीच काढला नाही.

बाबांना ते अजून सलतं. प्रोजेक्टसाठी मी ते पडकं मिशन बघायला निघालो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "खरं होतं का, तेवढं बघून ये."

मे महिना, दुपारचे बारा. छप्पर नसलेलं चर्च, शाळेच्या दोन भिंती आणि ओसरी, विहीर. विहिरीच्या काठावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते — विटका पांढरा झगा, घारे डोळे. शेजारी भरलेला हंडा. मला वाटलं, आसपासच्या चर्चमधले कुणी फादर असतील.

"एवढा हंडा वर ओसरीवर नेतोस का? माझी मान आता ऐकत न्हाय."

मी हंडा उचलून तसाच डोक्यावर घेतला. ते हसायला लागले. "असा नको रं, शिकलेल्या माणसा! चुंबळ कुठाय?"

बाबांनी मला कधी गोणीला हात लावू दिला नाही, मग चुंबळ कुठून येणार? त्यांनी माझ्या गळ्यातला नॅपकिन घेतला, पिळून गोल वळला, टोक आत खोचलं. "पीळ उलटा द्यायचा. मला असाच शिकवलाय. मास्तर लई कडक होता माझा!"

हंडा ओसरीवर ठेवला, मागे वळलो... कोणी नाही. पुन्हा पाहिलं तर हंडाही नाही. धावत विहिरीशी गेलो. आत कोरडी माती, आणि मातीतून वर आलेली बाभळ. डोक्यावरची चुंबळ मात्र ओली होती.

घाबरलो का? खरं सांगू, नाही. कुणीतरी मायेने थट्टा केल्यासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर चुंबळ टेबलावर ठेवली. बाबांनी पाहिली आणि हातातला चहा खाली ठेवला.

"ही कुणी वळली?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ती हातात घेऊन पिळावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आबा डावखुरे होते. अख्ख्या यार्डात असा उलटा पीळ फक्त त्यांचा असायचा."

मित्र म्हणतो, ऊन लागलं असेल. असेलही. पण उन्हाला तो पीळ कसा ठाऊक? आणि बाबांचा प्रश्न तर तसाच राहिला होता — उन्हातल्या अनुभवाला पुरावा कोण म्हणेल?

मिशनची जुनी कागदपत्रं पुण्यात एक वयस्कर फादर सांभाळतात. गावी जाण्याआधी मी त्यांना भेटून आबांबद्दल विचारलं होतं. चुंबळीचं मात्र नंतरही कधी बोललो नाही. चार महिने काहीच कळलं नाही. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. त्या मिशनच्या फादरांनी परदेशातल्या बहिणीला लिहिलेली पत्रं सापडली होती. मी फोन स्पीकरवर टाकला. बाबा जवळ येऊन उभे राहिले. फादर सावकाश मराठी करून वाचत होते :

"पाणी भरणाऱ्या किसनने आज मला डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ वळायला शिकवलं. तो डाव्या हाताने वळतो, म्हणून मीही तशीच शिकलो. चौथ्यांदा जमली, तेव्हा कुठे तो हसला. या गावात मला भेटलेला हा पहिला गुरू."