पाठ करून निवडलेलं पिल्लू

माझी मावशी तीस वर्षं शोधकामाची कुत्री तयार करत आली आहे, तीही फक्त कॉकर स्पॅनियल जातीची. एकदा एक वनरक्षक तिच्याकडे आला. जंगलात वाट चुकलेली माणसं शोधायला त्याला पिल्लू हवं होतं.

"बाई, काळंच द्या. सोनेरी हट्टी असतात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

मावशीने वाद घातला नाही. तिने त्याला अंगणाकडे पाठ करून स्टुलावर बसवलं, तिच्याकडची तिन्ही पिल्लं अंगणात सोडली आणि जे दिसेल ते सांगत गेली. तिने मुद्दाम ताटली पाडली, तसं एक पिल्लू घाबरून घरात पळालं. दुसरं आपल्याच शेपटीमागे लागलं होतं. तिसऱ्याने मात्र गवतात लपवलेला कापडी चेंडू नाकाने हुडकला आणि हाक मारताच थेट तिच्या हातात आणून दिला.

"ते तिसरं माझं!" म्हणत वनरक्षक वळला. पिल्लू सोनेरी होतं. वनरक्षकाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अंगावर पांढरं असलेलं कुत्रं झुडपात लांबून दिसतं, रंगाचा उपयोग तेवढाच," मावशी म्हणाली. "बाकी आईबाप कामाला कसे आहेत ते बघायचं." मग तिने पिल्लाच्या आईचं काम त्याला दाखवलं.

सोनेरी पिल्लू घेऊनच तो गेला. दोन वर्षांनी त्याच कुत्रीने टेकडीपलीकडे हरवलेल्या एका आजींना तासाभरात शोधून काढलं. फोनवर तो कुत्रीचं कौतुक करताना थांबेचना. मावशीने मध्येच विचारलं, "आजी बऱ्या आहेत ना?"