व्हरांड्यातलं स्टूल

नसीमबाई गेल्याचा फोन गेवराईहून आला, त्याला आता महिना होईल. तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात त्यांच्याच स्टुलावर बसले होते. आत नोकरीसाठी आलेली एक मुलगी पाठ घेत होती.

परळीला थर्मल वीजकेंद्राची राख उडते त्या वस्तीतली आमची शाळा. नव्वदीनंतर गावात इंग्रजी शाळांच्या पाट्या लागल्या आणि बरे शिक्षक तिकडं पळाले. आमच्या मुख्याध्यापिका नसीमबाईंची माणसं निवडायची रीत मात्र न्यारीच होती. उमेदवाराला वर्गात सोडायचं, दार लोटून घ्यायचं आणि बाहेर स्टुलावर कान देऊन बसायचं. मास्तर काय बोलतो याकडं त्यांचं लक्षच नसायचं. पोरं बोलतात का, एवढंच त्या ऐकायच्या.

मी उमेदवार म्हणून आले, तेव्हा मला हे कुठं ठाऊक? बीएडला घोटलेला पाठ मी रंगीत तक्त्यांसह घेतला. वर्ग चिडीचूप. नंतर संस्थेच्या सचिवांचा भाचा छडी घेऊन आत गेला. त्याचाही वर्ग चिडीचूप. बाईंशेजारी खुर्ची टाकून बसलेले सचिव खूश झाले. पोरं कशी गप हाईत बघा, भाच्यालाच घ्या, म्हणाले.

"गप हाईत म्हंजे भ्याली हाईत, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "हिला अजून एकदा आत जाऊ द्या." माझा पाठ संपल्यावर एका पोरीनं मला काहीतरी विचारलं होतं, तेवढं त्यांनी ऐकलं होतं.

ही नोकरी हुकली असती तर वडील त्याच उन्हाळ्यात माझं लग्न उरकून मोकळे होणार होते. तक्ते बाहेर ठेवून आत गेले, तर काही सुचेना. खिडकीत राख साचली होती. त्यावर बोट फिरवून विचारलं, ही येते कुठून? बघता बघता वर्ग भांडायला लागला. कुणी म्हणे चिमणीतून, कुणी म्हणे ट्रकातून. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सचिव निघून गेले होते.

बाईंनी मला घेतलं. पुढच्याच जूनमध्ये संस्थेनं त्यांना गेवराईच्या शाखेत पाठवलं, साध्या शिक्षिका म्हणून. माझ्यामुळं झालं, म्हणून मी रडले, तर त्या चिडल्याच. "तुझ्यामुळं कावून? पोरांमुळं. तू त्यांना गप बसवू नको, म्हंजे झालं."

संस्थेच्या एकाही कार्यक्रमात पुढं त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. त्याचा संताप आजही जात नाही.

बाईंच्या जागी आता मी मुख्याध्यापिका आहे. त्या सकाळी फोन ठेवून मी आत कान दिला. नव्या मुलीचा एकटीचाच आवाज येत होता. पाठ संपत आला. बोला रे कुणीतरी, मी मनात म्हणत होते... घंटा झाली, आणि मग एक बारीक आवाज आला, "बाई, पण..."

मी डोळे पुसले. नवी मुलगी बाहेर आली, तेव्हा तिला आणखी एकदा आत जायला सांगितलं.