कोपऱ्यातला गुलाबी ढग

पडदे शिवणाऱ्या बाईंनी जुन्या बाजारातून रिळाचा एक छोटा प्लास्टिकचा कॅमेरा अगदी मातीमोल भावात उचलला. दुपारी मशीन थांबवून त्या त्याच्या चिमुकल्या खिडकीला डोळा लावायच्या. मग रोजचीच खोली लांब कुठेतरी पाण्याखाली गेल्यासारखी दिसायची. पडद्यातून झिरपणारं ऊन, टेबलावरची कात्री, खुर्चीत पेंगणारा नवरा. खट्! त्यानंतर रीळ संपून फोटो हातात पडेपर्यंत बाई नुसत्या तरंगत असायच्या.

पण कॅमेऱ्याची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावर आलेलं बोट खिडकीतून काही दिसायचं नाही. त्यामुळे धुऊन आलेल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक गुलाबी ढग!

"लोक नाक खुपसतात, तू बोट खुपसतेस," नवरा म्हणायचा.

दूरच्या शहरात कामाला गेलेल्या लेकीला त्या हेच फोटो पाठवायच्या. लेक कधी हूं की चूं करायची नाही. नवऱ्याचं बोलणं मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. आठवण राहावी म्हणून त्यांनी बोटाला दोरा गुंडाळला, हट्टाने सवय मोडली आणि एक अख्खं रीळ स्वच्छ काढलं. ऊन, कात्री, नवरा, सगळं कसं लख्ख! मोठ्या तोऱ्यात त्यांनी पाकीट पाठवलं.

लेकीचा फोन आला. आवाज घाबरा होता.

"आई, तू बरी आहेस ना गं? या वेळी फोटो कुणी काढलेत? तू एकातही नाहीस."