सीताफळाचा वैरी

आमच्या आतोबांच्या मते जगात माणसांच्या जाती दोनच: डाळिंब खाणारे आणि मरणारे. डाळिंब खाणारेही शेवटी मरतातच, असं कोणी दबकत सुचवलं तर ते त्याच्याकडे अशा नजरेनं बघत, की तो बिचारा तिथल्या तिथे स्वतःच्या नाडीवर बोट ठेवी. "मरतात की," आतोबा म्हणत, "पण मरताना त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बघा!" हा रंग आतोबांनी कुठे आणि किती जणांचा पाहिला होता, ते विचारण्याची छाती सोलापुरात कोणाची झाली नाही.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. स्टेशनात पार्सलबाबू होते. मी सोलापूरच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा राहायला दोन गल्ल्या सोडून खोली घेतली आणि जेवायला आत्याकडे जाऊ लागलो. त्या घरात डाळिंबाबद्दल जे ज्ञान माझ्या कानांत ओतलं गेलं, तेवढं खुद्द डाळिंबाच्या झाडालाही नसेल. दाण्यांनी रक्त वाढतं, काळजाला बळ येतं, तोंडाला चव येते. साल उकळून प्याली की जुलाब थांबतो, नुसती तोंडात धरली की खोकला पळतो, फुलाचा रस नाकात पिळला की फुटलेला घोळणा बंद होतो. त्या सुमारास व्हिटॅमिन नावाची एक नवी भानगड गावात आली होती. ती नेमकी काय, हे आमच्या डॉक्टरांनाही धड सांगता येत नसे. आतोबांनी ती सगळीच्या सगळी डाळिंबाच्या नावावर चढवून टाकली आणि बाकीच्या फळांना कोरडं ठेवलं. आणि सीताफळाचं नाव काढलं, की मात्र त्यांच्या मिशा झाडूसारख्या उभ्या राहत. "थंड! कफाचं आगर! आणि डोळे बघितलेत त्याच्या अंगावरचे? इतक्या डोळ्यांनी जे फळ तुमच्याकडे टक लावून बघतंय, त्याची नजर लागल्याशिवाय राहील? बी वाटून बायका डोक्याला लावतात, उवा मरतात. जे उवांना जगू देत नाही ते तुम्हांला जगवणार होय?" या शेवटच्या मुद्द्यावर मोठमोठे वकील माघारी फिरलेले मी पाहिले आहेत.

एकदा एका लग्नात पंगत बसली. वाढप्यानं द्रोणात सीताफळाची बासुंदी ओतली. आतोबांनी आधी वास घेतला, मग द्रोण उचलून दूर ठेवला, मग ते उठून उभेच राहिले आणि दोन्ही बाजूंच्या वऱ्हाडाला उद्देशून त्यांनी जे भाषण सुरू केलं ते वरण गार होईपर्यंत चाललं. "आज या मंडपात," ते म्हणाले, "नव्या जोडप्याच्या छातीत कफाची पायाभरणी होत आहे!" मुलीची आई रडायला लागली. नवऱ्या मुलाचे काका बाह्या सरसावून आले, तर आतोबांनी त्यांचीच नाडी धरली आणि सांगितलं, "तुम्हांला रक्त कमी आहे, म्हणून राग लवकर येतो." काकांनी म्हणे पुढे वर्षभर डाळिंब खाल्लं आणि राग दुप्पट झाला, पण ते त्यांच्या तोंडून ऐकायला आतोबा थांबले नव्हते.

सोलापुरात मार्शल लॉ लागून गोऱ्या लष्कराचं राज्य आलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट तर अजून सांगतात. गावात माणूस सावलीलाही भिऊन चालत होता आणि आतोबा रेल्वेचा पास खिशात ठेवून, पिशवीत डाळिंबं घेऊन, भर रस्त्यानं घरी निघाले होते. चौकात एका गोऱ्या शिपायानं अडवलं. पिशवीत गोल गोल, टणक काहीतरी लागताच तो चार पावलं मागे उडाला आणि त्यानं बंदूक रोखली. दुसऱ्या कोणाचं धोतर सुटलं असतं. आतोबांनी शांतपणे एक डाळिंब काढलं, त्याच्या नाकासमोर फोडलं आणि आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत ओरडले, "ब्लड, साहेब! प्लेंटी ब्लड!" तिथेच त्यांची राख व्हायची, पण तेवढ्यात त्यांनी मूठभर दाणे स्वतःच्या तोंडात टाकून चावून दाखवले. शिपायानंही भीत भीत खाल्ले. आतोबांचं म्हणणं असं, की पुढे मार्शल लॉ उठला त्यामागे बरीच कारणं असतील, पण सुरुवात त्या चौकात झाली.

एवढा डाळिंबाचा अभिमानी माणूस, पण रोजच्या डाळिंबातला एक दाणाही तो स्वतः खात नसे. ते सगळं आत्यासाठी. आत्या मुळातच काटकुळी. वारा सुटला की वाळत घातलेल्या लुगड्याला धरून उभी राहील अशी. तिच्या अंगात रक्त भरायचं, हा आतोबांचा जन्माचा उद्योग होता. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला, की ते ओसरीवर मांडी घालून बसत, मांडीवर जुना पंचा पसरत आणि डाळिंब हातात घेत. सुरी फक्त वरच्या मुकुटापुरती आणि सालीवर चार रेघा ओढण्यापुरती. आरपार चिरणं म्हणजे त्यांच्या लेखी खून. मग रेघांवरून फोड उकलायची आणि एकेक दाणा असा सोडवायचा, की त्याला पांढऱ्या पडद्याचा कण राहता कामा नये. तो पडदा कडू. "कडू भाग माझ्याकडे, गोड भाग तुझ्याकडे," असं ते आत ओरडून सांगत. वाटी भरेपर्यंत दिवेलागण होई. आतोबा वाटी घेऊन स्वयंपाकघरात जात, आत्या म्हणे, "ठेवा तिथं, भाकरी झाल्या की खाते." थोड्या वेळानं रिकामी वाटी बाहेर येई आणि आतोबा तिच्याकडे, राज्य जिंकून आल्यासारखे बघत.

मागच्या पडवीत एक पोपट होता. पोपट कसला, पिंजऱ्यात कोंबलेला कोंबडाच! पिसं अशी तुकतुकीत, की त्यात तोंड बघून भांग पाडावा. आल्यागेल्याला आतोबा तो अभिमानानं दाखवत. "घरातून नुसता डाळिंबाचा वारा वाहिला तर मुक्या प्राण्याची ही तब्येत! विचार करा, खाणाऱ्या माणसाची काय होईल!" खाणारं माणूस शेजारीच उभं असे, गालांची हाडं वर आलेली, पदर सावरत. पाहुणा एकदा पोपटाकडे बघे, एकदा आत्याकडे, आणि चहा मागे.

एकदा मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो तर आत्या पिंजऱ्याशी उभी. वाटी हातात, आणि एकेक दाणा गजांतून आत. हळूच म्हणत होती, "घे राजा, घे. त्यांना कळू देऊ नकोस हं." माझी चाहूल लागली तरी ती दचकली नाही, फक्त हसली.

"दात आंबतात रे माझे," ती म्हणाली. "मला कधीच आवडलं नाही डाळिंब."

"मग सांग की त्यांना. रोज ते पंचा पसरून बसतात."

"बसू देत. तेवढा वेळ त्यांचे हात गुंतलेले असतात." मग वाटीच्या तळाशी चिकटलेला दाणा तिनं बोटानं सोडवला. "तुला ठकी आठवते का रे आमची?"

ठकी मला अंधूक आठवत होती. त्यांची एकुलती एक मुलगी. पहिली मोठी लढाई संपत आली त्या साली तापाची साथ आली, तीत गेली. आजारी पडायच्या आदल्याच दिवशी तिनं सीताफळाचा हट्ट धरला होता. आतोबांनी बाजारातून आणून स्वतःच्या हातानं भरवलं. दोघं ओसरीवर बसून बिया कोण लांब उडवतं याची पैज लावत होते, आणि ठकी इतकी हसली, की शेजारचे बघायला आले. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला.

"गल्लीतली घरंच्या घरं बसली त्या महिन्यात," आत्या म्हणाली. "सगळ्यांनी काय सीताफळं खाल्ली होती? पण ह्यांना कोण सांगणार. फळाला शिव्या देत जगतायत, जगू देत." आणि मग, पोपटाकडे बघत, "मला मात्र दर मोसमाला सीताफळ खावंसं वाटतं बघ. तिच्या हसण्याची चव आहे त्याला."

त्या दिवसापासून आतोबांच्या भाषणांना मला पूर्वीसारखं हसू येईना.

पुढे एका पावसाळ्यात आत्यानं अंथरूण धरलं ते सुटेचना. डॉक्टर आले, तपासून म्हणाले, "बाईंच्या अंगावर मांस राहिलेलं नाही. डाळिंब द्या, पचायला हलकं आहे. पण त्यानं अंग धरणार नाही. सीताफळं आलीत आता बाजारात, तीही द्या. गोड आहेत, अंगी लागतील. दोन्ही चांगली."

"दोन्ही?" आतोबा कडाडले. "डॉक्टर, आधी तुम्ही कोणाच्या बाजूचे ते ठरवा!" आणि त्यांनी डॉक्टर बदलला. बदललेल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तेव्हा आतोबांनी वैद्य आणला.

मीच एक दिवस कोटाखाली लपवून सीताफळ नेलं. आत्यानं ते हातात घेतलं, नुसता वास घेतला आणि परत दिलं. "शेजारच्या पोरांना दे हे. मला त्यांच्या हातचं हवंय." त्याच संध्याकाळी तिनं त्यांना सरळच सांगितलं. लग्न झाल्यापासून त्या बाईनं नवऱ्याकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. "अहो, एक सीताफळ आणा की. तुम्ही आणा."

आतोबा उठले. पिशवी घेतली, मला खूण केली, आणि आम्ही बाजारात गेलो. तुळजापूरकडच्या डोंगरातल्या बायका पाट्या मांडून बसल्या होत्या. आतोबा एकीसमोर जाऊन उभे राहिले. इतका वेळ उभे राहिले, की ती म्हणाली, "घ्या की मालक, डोंगरची हायेत, लई ग्वाड. हात लावून बघा. दाबू नगा, फुटंल."

त्यांनी उचललं. किती तरी वर्षांनी त्या हातात ते फळ आलं होतं. दाबलं नसावं, पण पुरतं पिकलेलं होतं ते. फळ मधोमध उकललं आणि पांढरा गर त्यांच्या बोटांवरून मनगटाकडे आला. आतोबा बघतच राहिले.

"पुसा की मालक, धोतर खराब व्हईल," बाई म्हणाली.

त्यांनी फुटलेलं सीताफळ हळूच पाटीच्या कडेला ठेवलं, त्याचे पैसे दिले, हात पुसले आणि समोरच्या दुकानातून डाळिंबं घेतली. वाटेत मी चार पावलं पुढेच चालत होतो. तेच म्हणाले, "मास्तर, जड पडतं रे ते अशक्त माणसाला." हे वाक्य मी हजारदा ऐकलं होतं, पण इतक्या खालच्या आवाजात कधीच नाही. मला तरीही त्यांची दया आली नाही. त्या क्षणी त्या माणसाला पिशवीसकट तळ्यात ढकलावं, असं वाटत होतं मला.

आत्यानं पिशवीकडे पाहिलं. "आणलंत? बरं झालं," ती म्हणाली. "डाळिंब चांगलंच असतं."

सीताफळांचा मोसम संपायच्या आत आत्या गेली. न खाता गेली. लोक म्हणतात कालांतरानं सगळं निवळतं. माझं हे निवळलेलं नाही, आणि ते मी आतोबांच्या समोरही लपवत नाही.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले. मी ओसरीवर बसलो होतो. गिरणीचा भोंगा झाला आणि आतोबांनी सवयीनं पंचा पसरला. मुकुट उतरवला, चार रेघा ओढल्या, एकेक दाणा सोडवला. वाटी भरली तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते वाटी घेऊन उठले, स्वयंपाकघराच्या दारात थबकले. चूल विझलेली. तसेच मागच्या पडवीत गेले. मी मागोमाग. वाटीचा आवाज ऐकताच पोपट दांडीवरून सरकत गजांशी आला, मान वाकडी केली आणि आत्याच्या आवाजात, अगदी तिच्या त्या दबक्या, हसऱ्या आवाजात म्हणाला, "घे राजा, घे. त्यांना कळू देऊ नकोस हं."

मला वाटलं, आता हा माणूस पिंजरा भिरकावणार. आतोबा हलले नाहीत. पोपट पुन्हा तेच म्हणाला. मग त्यांनी एक दाणा उचलला आणि गजांतून आत धरला. मग दुसरा. वाटी संपेपर्यंत पोपट ते म्हणत राहिला आणि आतोबा देत राहिले. वळले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणूनच रक्त भरत नव्हतं तिच्यात. मी डाळिंबाला उगाच दोष देणार होतो."

आता त्यांना पेन्शन आहे. भाषणं बंद झाली आहेत. सीताफळाला शिव्या देणारा सोलापुरातला शेवटचा माणूस गप्प झाला, त्यामुळे ते फळ हल्ली बिनधास्त विकलं जातं. दर मोसमाला एक सीताफळ देवाजवळच्या कोनाड्यात मात्र ठेवलेलं असतं. ते पिकतं, उकलतं, काळं पडतं, आणि कोणी खात नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "असू दे. मागितलं होतं तिनं."

डाळिंब मात्र रोजचं. भोंगा झाला की पंचा, चार रेघा, वाटी. मग मागच्या पडवीत जातात आणि पिंजऱ्यासमोर वाटी मुद्दाम खणकन वाजवतात. पोपट सांगतो, त्यांना कळू देऊ नकोस. आणि आतोबा, दाणा बोटांत धरून, दर वेळी त्याला तेच उत्तर देतात: "नाही गं. नाही कळलं मला काही."