पटाचे बैल आणि माझी काठी

मला काठी धरायला माझ्या मामाने शिकवलं, आणि मामाला ती धरता येत नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी धानोऱ्याकडे मास्तर होतो. सायकलवरून पडून डावा पाय मोडला. हाड जुळलं, पण पायात जोर काही परत आला नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काठी उजव्या हातात धरा." मामाला हे मुळीच पटलं नाही.

"भिंत जिकडं कलते तिकडंच टेका लावतेत ना? पाय डावा, तं काठीबी डाव्या हातात. डाक्टरले घर बांधाचं काय मालूम?"

मी ऐकलं. (पोरांना मात्र 'कोणाचंही डोळे झाकून ऐकू नका' असं शिकवत होतो!) त्यामुळे काठी, पाय आणि मी अशा तिघांच्या तीन दिशा व्हायच्या. अंगणातल्या कोंबड्या मला पाहिलं की लांबूनच वाट सोडायच्या.

अशातच चामोर्शीकडचं स्थळ आलं. मुलगी मी एका लग्नात पाहिली होती आणि मला फार आवडली होती. तिच्या घरच्यांना माझ्या पायाचं ठाऊक नव्हतं.

"सांगून टाकू, मामा."

"पसंती होऊ दे, मंग सांगू. काठी छकड्यातल्या तणसाखाली लपव. उतरला का माह्या खांद्यावर हात ठेव. लोक म्हणतीन, मामा-भाच्याचं किती पिरेम हाय."

त्या दिवशी मामाने छकड्याला पटाची जोडी जुंपली. एरवी हे बैल गरीब. पण शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावायची सवय, त्यामुळे कोणी काठी उगारलेली दिसली की सुसाट सुटायचे. म्हणून मामा त्यांना नुसत्या आवाजावर हाकायचा. मी तणसाच्या पेंढ्यावर, म्हणजे काठीवरच बसलो होतो.

मुलीच्या अंगणात पोचलो. ओसरीवर तिचे वडील आणि चारदोन पाहुणे बसलेले. मी उतरलो, डावा पाय जमिनीला टेकला आणि मुडपला. पडता पडता तणसात हाताला लागलं ते धरलं. ती काठी होती, आणि तोल सावरताना ती थेट माझ्या डोक्याच्या वर उगारली गेली.

बैलांनी पाहिली. मामा कासरा आवळेपर्यंत छकडा निघाला होता! अंगणाला चहूबाजूंनी कुंपण, त्यामुळे बैल गोल गोल धावू लागले. वाळत घातलेलं धान उधळलं, माठ फुटला. मी काठी खाली टेकवायचो, पण बैल अंगावर आले की घाबरून पुन्हा उगारायचो. ते आणखी जोरात धावायचे.

"मास्तर, काठी फेका," ओसरीवरून आवाज आला. "तिलेच पाहून धावून राह्यले ते."

फेकली असती हो! पण काठी गेली की मी पडणार, पडलो की पाय उघडा पडणार आणि मुलगी हातची जाणार. तिकडे छकड्याचं एक चाक डुगडुगायला लागलं होतं. मामाची टोपी उडाली होती आणि तो पांढराफटक पडला होता. वडील गेल्यावर मला याच माणसाने वाढवलं. मुलगी दारात येऊन माझ्याकडेच टक लावून बघत होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

मी काठी कुंपणापलीकडे भिरकावली आणि सारवलेल्या अंगणात तोंडावर आपटलो.

बैल थांबले. मी पडल्या पडल्याच सांगून टाकलं, "माझा पाय अधू आहे. काठीशिवाय मला चालता येत नाही." मामाने डोळे मिटून घेतले.

मुलीचे वडील उठले. आधी त्यांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवून त्यांना शांत केलं. (किती मायाळू माणूस, मला वाटलं.) मग ते घरात गेले, बाहेर आले, मला उठवलं आणि म्हणाले, "आमच्याकडून पक्कं समजा."

पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट छाती फुगवून सांगत असे. मामासाठी काठी फेकली, खरं बोललो, म्हणून सासऱ्यांनी माणूस ओळखला, असं. एकदा बायकोसमोरच सांगत होतो. ती तांदूळ पाखडत होती.

"तुमच्याकडं कोण पाहून राह्यलं होतं?" ती म्हणाली. "बाबा आत येऊन म्हणले, अशी बैलजोडी तालुक्यात नाई, हे सोयरीक सोडाची नाई."

"आणि तू? तू तर माझ्याकडेच बघत होतीस."

"तुमच्या मांगून बैल येऊन राह्यले होते ना. मी त्यायले पाहत होती."

थोडक्यात, त्या दिवशी पसंतीला आम्ही तिघं उभे होतो, आणि माझा नंबर तिसरा आला.