सयाजीकाकांच्या उड्यांची वही

सयाजी निकम यांनी विमानातून तीन हजार आठशे सोळा उड्या मारल्या, हे त्यांच्या बायकोला लग्नानंतर एकवीस वर्षांनी कळलं. कळलं तेव्हा मी त्यांच्या सोप्यात ड्रोनची बॅटरी धरून उभा होतो. ती माझ्या हातातून खाली पडली.

रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात काकांची ओळख घड्या घालणारा माणूस अशी. चोवीस वर्षं फौजेत स्टोअरला होते, हवालदार होऊन परत आले. गावात लग्न झालं की मांडवाचं कापड आवरायला त्यांनाच बोलावतात. त्यांनी पोत्यात भरलेलं शंभर फुटी कापड पुढच्या लग्नात एका हिसक्यात उघडतं. पीळ नाही, गुंता नाही. चंद्राकाकू म्हणायच्या, बाकीच्यांच्या नवऱ्यांना सरकारनं बंदुका दिल्या, आमच्यांना धुणं दिलं.

मला संशय यायला हवा होता. मी उसाच्या क्षेत्राची ड्रोननं पाहणी करतो. मागच्या महिन्यात काका बांधावरून वर बघत म्हणाले, "अजीम, तीनशे फुटांवर हाय. वर वारं फिरलंय, उतरव." माझ्या स्क्रीनवर ब्याण्णव मीटर दिसत होते. मी ड्रोन खाली घेतला आणि दोन मिनिटांत सगळा ऊस आडवा हलायला लागला. डिप्लोमा करूनही मला जे स्क्रीनशिवाय कळत नाही ते स्टोअरच्या माणसाला कसं कळलं, हे मी विचारलंच नाही.

मग क्रांतीचा फॉर्म आला. क्रांती त्यांची एकुलती एक मुलगी, साताऱ्याला कॉलेजात, एनसीसीत. आग्र्याच्या पॅराशूट शिबिरासाठी तिची निवड झाली होती. आईवडील दोघांच्या सह्या हव्या होत्या, मुदत नऊ दिवसांची. काकांनी लगेच सही केली. काकूंनी फॉर्म ट्रंकेखाली सरकवला.

त्यांचं कारण गावाला माहीत होतं. काकूंचं माहेर विट्याकडचं. त्यांचा थोरला भाऊ धनाजी फौजेच्या सरावात पॅराशूट न उघडल्यानं गेला. पुढं काकूंसाठी स्थळं बघताना वडिलांनी एकच अट घातली, जावई फौजी चालेल, पण जमिनीवरचा. काकांनी तेव्हा सांगितलं, मी स्टोअरला, घड्या घालतो.

मी बॅटरी घेऊन त्यांच्याकडं गेलो त्या दुपारी क्रांती रडत चौथ्यांदा विनवत होती. काकू म्हणाल्या, "ती चिंधी कोन कुटला घडी घालतोय. न्हाई उघडली तर त्याचं काय जातंय?"

काका सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याचं बी जातं. घडी घालनाऱ्याला कवाबी त्याच घडीवर उडी मारायला लावत्यात. आमी तर..."

ते थांबले. अडकित्ताही थांबला.

"आमी म्हंजे कोन?" काकूंनी विचारलं.

काका उठले. आपल्या फौजेच्या ट्रंकेचं कुलूप काढून त्यांनी गणवेशाखालच्या चार जाड वह्या काढल्या. तारीख, उंची, ठिकाण, साहेबांची सही, ओळीमागून ओळ. शेवटच्या वहीत एक फोटो होता. साठ जणांनी आभाळात हात धरून केलेलं फूल, तेव्हाचा देशातला विक्रम. डावीकडून सातवे काका. हाच फोटो पेपरात छापून आला होता. हेल्मेट आणि चष्म्यामुळं कुणी ओळखलं नाही आणि काकूंनी तो पेपर मांडणीच्या फळीवर डब्यांखाली अंथरला होता.

मी मनात हिशेब करत होतो, इतक्या उंचीवरून ताशी दोनशे किलोमीटर वेग. काकूंनी मात्र एकच गोष्ट विचारली.

"क्रांती झाली त्या दिशी किती?"

काकांना पान शोधावं लागलं नाही. "तीन," ते म्हणाले.

क्रांतीचं रडणं तिथंच थांबलं. मला घरी जायचंही सुचेना.

दोन दिवस काकू नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन मागितलं आणि पहिल्या वहीचं पहिलं पान उघडलं. एकेका ओळीवर बोट ठेवून त्या विचारायच्या, हितं काय झालतं. काका सांगायचे, काकू ऐकायच्या आणि ओळीच्या कडेला आपली सही करायच्या. एका ओळीच्या उडीत मुख्य पॅराशूट न उघडल्यानं रिझर्व्ह उघडावं लागलं होतं. ते ऐकून त्या उठून परसात गेल्या, तोंड धुवून परत आल्या, त्या ओळीलाही सही केली.

फॉर्मच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी गेलो तेव्हा क्रांतीच्या जन्माचं पान उघडं होतं. काकूंनी त्या तीन ओळी वाचल्या आणि सही न करताच पेन कागदावरून उचललं.

"ह्या तीन तशाच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

मग ट्रंकेखालून फॉर्म काढला, गुडघ्यावर धरला आणि सही केली. काका चकित होऊन बघत राहिले. काकू त्यांच्याकडं न बघता बोलल्या, "ही इचारून चाललीया. तुमी इचारलं न्हाईसा."

क्रांती आता आग्र्याला आहे. जाताना काकूंनी तिला एक कोरी वही दिली. त्यात कडेचा एक रकाना त्यांनी स्वतः पट्टीनं आखला आहे.