एसेनकुलची दुवा आणि विसरणारा ब्राउझर

एसेनकुल दुवा द्यायला उठला की गावातल्या भांडखोर सुनासुद्धा तळहात उघडून गप्प बसत. इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावरच्या त्या गावात लग्न असो, बारसं असो की नवं घर, पहिला शब्द त्याने काढायचा हे ठरलेलं. जन्मभर त्याचं पोट भरलं ते लोकरीच्या ट्रकवर, खिंडीतला चिखल तुडवत. पण नाव झालं ते दुवांवर. मानाचं मेंढीचं डोकं कायम त्याच्याच ताटात येई, आणि ‘अरे, मला कशाला’ असं म्हणत तो ते आधीच पुढे ओढून घेत असे.

गावात दुसरा उमेदवार नव्हता असं नाही. गुरांचा निवृत्त डॉक्टर जानुझाक छापील पुस्तिकेतून दुवा वाचत असे. एसेनकुलने भर पंगतीत त्याला ऐकवलं होतं, “पान उलटताना बोटाला थुंकी लावतोस ना, ती नवरीच्या नशिबाला लागते बरं का!” त्या दिवशी लोक इतके हसले, की त्यानंतर कागद हातात घेण्याची सोय एसेनकुललाही उरली नाही.

आणि नेमकी आता कागदाची गरज पडू लागली होती. गेल्या शरदात एका नव्या घराची वास्तू करताना त्याने हात पसरले आणि त्या घरालाच आशीर्वाद दिला, “तुझी कूस भरो, सासू तुला लेकीसारखी वागवो.” पाहुणे पोट धरून हसले. म्हाताऱ्याने काय कोटी केली, म्हणाले. म्हातारा त्यांच्याबरोबर हसला. त्याची बायको सालकिन मात्र हसली नाही, आणि ते त्याने पाहिलं. त्या दिवसापासून त्याला एकच भीती होती. शब्द गेले तर आपल्यात उरणार काय, एक ट्रक नसलेला ड्रायव्हर?

मग त्याने चोरून फोनवर दुवा शोधायला सुरुवात केली. पण फोन मुलाने दिलेला, मुलाच्याच खात्यावर चालणारा. इकडे म्हाताऱ्याने ‘नवरीला द्यायची दुवा’ शोधली, की तिकडे राजधानीत मुलाच्या टीव्हीवर लग्नाची गाणी सुरू व्हायची. मुलाचा फोन आला, “बाबा, पुन्हा बोहल्यावर चढताय की काय? आईला विचारलंत का?”

एसेनकुल दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या बाजारात गेला. तिथे एका जुन्या मालडब्यात तुर्सुनायचं फोनदुरुस्तीचं दुकान होतं.

“तुर्सुनाय, या फोनला जरा तोंड बंद ठेवायला शिकव.”

“तुमचं काही बंद होणार नाही, अके, फोनचं बघते.” वडीलधाऱ्याला म्हणतात तसं ‘अके’ म्हणत तिने चष्मा कपाळावर सरकवला. “हा ब्राउझर घाला. फुकट आहे. याची आतली मांडणी सगळ्यांना उघडी. जगात कोणीही वाचावी, चुका काढाव्यात.”

“म्हणजे ज्याचं पोट जगापुढे उघडं, त्याच्यापाशी मी गुपित ठेवू?”

“तो गुपित ठेवतच नाही. विसरतो. खाली हे कचऱ्याच्या डब्याचं चित्र दिसतंय? त्याला नुसता स्पर्श झाला, की जे काही उघडलं असेल ते साफ. देवाने विचारलं तरी सांगता यायचं नाही त्याला.”

विसरण्याला इतकं मोल असतं हे एसेनकुलने प्रथमच ऐकलं. तो खुशीत घरी आला आणि कोणाला एक अक्षर बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जानुझाकने त्याला रस्त्यात गाठलं, “काय अके, गुपित ब्राउझर घातलात म्हणे!” तुर्सुनायची नणंद याच गावात दिली होती. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाचं मत पडलं, की म्हातारा जमीन विकतोय. उरलेल्या अर्ध्याचं, की दुसरी बायको बघतोय. फोन काही बोलला नव्हता, एवढं मात्र खरं.

पुढच्या शनिवारी आनारकानच्या मुलीची पाठवणी होती. आनारकान खिंडीपलीकडची, चोवीस वर्षांपूर्वी या गावात सून म्हणून आलेली. तिने स्वतः येऊन सांगितलं होतं, “अके, दुवा तुमचीच हवी. जानुझाक-अके तयार बसलेत, पण मला पुस्तकातली नको.”

एसेनकुलने आठवडाभर गोठ्यात बसून त्या ब्राउझरवर दुवा धुंडाळल्या. बऱ्याचशा गुळगुळीत होत्या. सोनं काय, चंद्र काय, सात मुलगे काय. आणि मग एक सापडली. वर लिहिलं होतं, ‘जुनी लोकदुवा, कर्ता अज्ञात’. तुझ्या चुलीचा धूर सरळ वर जावो. दारात आलेला पाहुणा तुला पाहून हसो. भांडण झालंच तर चहा निवायच्या आत मिटो. आणि माहेरची आठवण येईल त्या दिवशी रस्ता कोरडा असो.

शेवटच्या ओळीशी तो थबकला. हा कर्ता नक्की आपल्यातलाच कोणीतरी, त्याच्या मनात आलं. चिखलात ट्रक रुतल्याशिवाय कोरड्या रस्त्याची किंमत कळत नाही. त्या अनोळखी माणसाचा त्याला हेवा वाटला. गुरं ऐकत होती, त्यांना त्याने ती रोज पुटपुटून दाखवली. पण डोक्याचा भरवसा उरला नव्हता. म्हणून अक्षरं मोठी करून ते पान त्याने उघडंच ठेवलं. बेतही नामी होता. दुवा देताना दोन्ही तळहात चेहऱ्यासमोर उघडायचेच असतात. लोकांच्या नजरा खाली असतात. फोन तळहातांत मावतो. पुस्तिका बाळगणाऱ्या जानुझाकच्या डोक्यात हे कधी आलं नसतं.

शनिवारी दुपारी पंगत भरली. आधी कापायची मेंढी दाराशी आणली गेली आणि रीतीप्रमाणे तिच्यावर दुवा मागितली गेली. ही छोटी दुवा त्याला झोपेतही येत होती. तरी रंगीत तालीम म्हणून त्याने फोन तळहातांत धरला, चार शब्द म्हटले, आणि सगळ्यांबरोबर “आमीन” म्हणत दोन्ही हात चेहऱ्यावरून खाली फिरवले. साठ वर्षांची सवय, हातांना काय ठाऊक आज त्यांच्यात फोन आहे! नाक त्या डब्याच्या चित्रावरून घासत गेलं, आणि ब्राउझरने आपलं वचन तंतोतंत पाळलं.

म्हाताऱ्याला हे कळलं ते मटण-शेवयांचं ताट मांडल्यावर, नवरी समोर येऊन वाकल्यावर. तळहात उघडले, पाहिलं, तर पांढरं स्वच्छ पान. ‘काय शोधायचं आहे?’ असं विचारणारं. शोधणार कसं? घरभर पाहुणे व्हिडिओ पाठवत होते. नेटवर्कचं चाक नुसतं फिरत होतं.

शंभर तळहात उघडे होते. जानुझाकने खिशाकडे हात नेला. आता नव्या घरासारखं काही तोंडातून निघालं, तर या खेपेला कोणी हसणार नाही, हे एसेनकुलला समजलं. त्याने फोन अस्तनीत सारला आणि मुलीकडे पाहिलं. तिची हनुवटी थरथरत होती. अशीच हनुवटी त्याने कुठंतरी पाहिली होती, कुठं ते आठवेना.

“तुझ्या चुलीचा धूर सरळ वर जावो,” तो म्हणाला. पुढची ओळ आली. त्यापुढचीही आली, गोठ्यात म्हटली होती त्यापेक्षा सावकाश. “भांडण झालंच तर चहा निवायच्या आत मिटो. आणि माहेरची आठवण...”

“येईल त्या दिवशी,” आनारकान रडत म्हणाली, “रस्ता कोरडा असो.”

सगळे तिच्याकडे पाहू लागले. एसेनकुलचे कान तापले. चोरी पकडली गेली, आणि तीही नवरीच्या आईने पकडली.

“अके, चोवीस वर्षं झाली,” ती डोळे पुसत म्हणाली. “सासूने नव्या सुनेचा पांढरा रुमाल माझ्या डोक्यावर बांधला, तेव्हा तुम्ही हीच दिली होतीत. भावाने कॅसेटवर घेतली होती, गेल्या वर्षी त्याने ती लिहून इंटरनेटवर टाकली. मला वाटलं नव्हतं तुम्हाला आठवत असेल.”

“आमीन,” जानुझाक सगळ्यांत आधी म्हणाला आणि खिशातला हात बाहेर काढला. पंगतीने चेहऱ्यावरून हात फिरवले. मेंढीचं डोकं त्याच्या पुढे आलं होतं. या वेळी त्याने ते ओढून घेतलं नाही.

तो आणि सालकिन पायीच घरी परतत होते.

“तुला ठाऊक होतं?” त्याने विचारलं.

“आठवडाभर गोठ्यातून ऐकत होते की. मला वाटलं, मुद्दाम जुनी काढलीत.”

“मला फार आवडली होती गं ती.” तो थांबला. “वाटलं, हा माणूस हयात असेल तर एकदा भेटून यावं.”

सालकिनला हसू आलं नाही. परवाच्या बर्फाचं पाणी होऊन वाटेवर चिखल झाला होता. तिने त्याचा दंड घट्ट धरला आणि कडेच्या दगडांवरून त्याला घराकडे नेलं.